दुधाच्या गाडीतून गेलेला अभ्यास : शाळाबंदीच्या काळातले एका दोनशिक्षकी शाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथीची. गाव सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचे, मुसळधार पावसाचे आणि भाताचे. एक गावठाण आणि भोवती विखुरलेल्या तीन वाड्या. सगळ्यांत लांबच्या वाडीला जायचे तर ओढा ओलांडून पाऊण तास चालावे लागते. पट चाळीसच्या आसपास. मुख्याध्यापकपदाचा कार्यभार असलेले गुरुजी तिसरी-चौथी घेत आणि बाई पहिली-दुसरी. गुरुजी तालुक्याच्या गावी राहायला, बाई केंद्रशाळेच्या (परिसरातल्या शाळांच्या गटाच्या, म्हणजे ‘केंद्रा’च्या, मुख्य शाळेच्या) गावात भाड्याच्या खोलीत. मी तेव्हा विषय साहाय्यक म्हणून या केंद्रातल्या शाळांना भेटी देत असे, त्यामुळे हे सगळे जवळून पाहता आले. गाव ओळखू येऊ नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.

मार्च 2020 च्या मध्यावर कोरोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, पाठोपाठ पहिली ते आठवीच्या परीक्षाही रद्द झाल्या. सुरुवातीला कोणी फार काळजी केली नाही. उन्हाळी सुट्टी जरा लवकर लागली, इतकाच अर्थ गावाने घेतला. एप्रिलमध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. रोज सकाळी इयत्तावार ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक पोर्टलच्या लिंक यायच्या, गुरुजी त्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे. 20 जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ मालिका लागली. बालभारतीची पुस्तके शाळेत आली आणि मुलांच्या हातात पडली.

म्हणजे साहित्य नव्हते असे नाही. पुस्तके होती, लिंक होत्या, टीव्हीवर मालिका होती.

अडचण नेमकी कुठे होती

गटावर अंगठे यायचे, वह्या येत नव्हत्या. गुरुजींना पहिली शंका आली ती यावरून. लिंक टाकली की पाच-सहा पालक अंगठा दाखवायचे, तेही नेहमीचेच.

शालेय पोषण आहाराचे तांदूळ आणि डाळी पालकांना वाटायच्या होत्या. त्यासाठी पालक एकेक करून शाळेच्या व्हरांड्यात येत. तेवढ्यात गुरुजींनी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारले. फोन दिवसा कोणाजवळ असतो? दिवसा मुलाजवळ घरात कोण असते? आणि त्या माणसाला वाचता येते का?

वरून आलेल्या माहितीच्या तक्त्यात स्मार्टफोन, साधा फोन, टीव्ही असे रकाने होते. तिसऱ्या प्रश्नाला रकाना नव्हता, आणि सगळे घोडे तिथेच अडले होते. निम्म्याहून कमी घरांत स्मार्टफोन होता. जिथे होता तिथे तो बापाच्या खिशातून सकाळी बाहेर जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. रेंज होती ती गावठाणात आणि एका टेपाडावर. दिवसभर मुलांजवळ आजी असायची, नाहीतर पाचवी ते नववीतली ताई. आजीचे उत्तर ठरलेले : “गुरुजी, मला कुठं वाचता येतंय!”

‘टिलीमिली’तले उपक्रम घरच्या वस्तू घेऊन करायचे होते. मालिका चांगलीच होती. पण जुलैच्या पावसात वीज गेली की इकडे दोन-दोन दिवस येत नाही. तासाची वेळ चुकली की तो भाग गेला. पुन्हा बघायचा तर फोन हवा.

हे चित्र एकट्या या गावाचे नव्हते. सप्टेंबर 2020 मध्ये देशभरात फोनवरून झालेल्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भागातल्या 61.8 टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. 2018 मध्ये हे प्रमाण 36.5 टक्के होते. पाठ्यपुस्तके तर 80 टक्क्यांहून जास्त मुलांकडे होती. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले जेमतेम तिसरा हिस्सा होती. घरात फोन आहे म्हणून मुलापर्यंत अभ्यास पोहोचतोच असे नाही, हे आकड्यांतही दिसत होते.

समोर असलेले पर्याय

केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे तेव्हा मोबाइलवरच्या बैठकीत, बऱ्याच कल्पना निघाल्या. मोखाड्याकडे वाड्यांत ध्वनिक्षेपकावर धडे लावणारी ‘बोलकी शाळा’ चालू होती. सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले होते. दोन्हींच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या होत्या आणि दोन्ही इथे चालणार नाहीत हे बाईंनी लगेच ओळखले. नीलमनगर ही दाट वस्ती. घराला घर लागून, मूल जाता-येता वाचणार. इथे एका वाडीत दहा-बारा घरे, काही कुडाची, आणि चार महिने भिंतीवर पावसाचा मारा. स्पीकरसाठी वीज हवी, आणि विखुरलेल्या तीन वाड्यांना तीन स्पीकर.

तिसरा पर्याय ओसरीवरच्या शाळेचा. वाडीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी पाच-सात मुलांना घेऊन बसायचे. सगळ्यांत चांगला हाच, यावर दोघांचेही एकमत होते. पण जुलैत गावच्या समितीने बाहेरच्यांना वाडीत यायला मनाई केली होती आणि तालुक्याच्या गावी रुग्ण सापडत असल्याने गुरुजी स्वतःच ‘बाहेरचे’ ठरले होते. गावाचे काही चुकीचे नव्हते. तेव्हा कोणाला काय ठाऊक होते?

राहिला कागद. आठवड्याचा अभ्यास एका पाकिटात घालून घरी पाठवायचा आणि सोडवलेला परत मागवायचा. दिसायला सर्वांत जुनाट पर्याय. गुरुजींना तो कमीपणाचा वाटत होता. बाकीच्या शाळा झूमवर वर्ग घेतल्याचे फोटो टाकत असताना आपण झेरॉक्स वाटणार का, असे ते एकदा बोललेही. बाईंचे म्हणणे साधे होते : वीज नको, रेंज नको, बाप घरी यायची वाट बघायला नको.

काय केले

पहिले पाकीट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेले आणि बहुतेक फसले. बालभारतीच्या पुस्तकांतली पाने आणि कुठल्या कुठल्या पीडीएफ कार्यपत्रिका यांच्या झेरॉक्स काढल्या होत्या. रंगीत चित्र झेरॉक्समध्ये काळे पडते. ‘चित्र पाहा व नाव लिहा’ या पानावर कोणता डाग म्हणजे बदक आणि कोणता म्हणजे कासव, ते बाईंनाही सांगता येईना. शिवाय वरच्या सूचना मोठ्या माणसाने वाचायच्या होत्या, आणि तो माणूस घरात नव्हता, हे तर पाहणीतच कळले होते.

दुसऱ्या खेपेपासून बाईंनी पाने हाताने काढायला घेतली. कोऱ्या कागदावर काळ्या स्केचपेनने मोठे अक्षर, साधी रेघांची चित्रे. सूचनांऐवजी तीन खुणा : कान म्हणजे ऐक नाहीतर सांग, पेन्सिल म्हणजे लिही, हात म्हणजे करून बघ. आठवड्याला चारच पाने. ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार सेवा केंद्राच्या प्रिंटरवर प्रती निघत. कागद शाळेचा, टोनरचे पैसे सुरुवातीला दोघांनी खिशातून घातले, पुढे संयुक्त शाळा अनुदानातून भागवले.

पाने इयत्तेप्रमाणे करायची की मुलाला येते त्याप्रमाणे, यावर दोघांत बराच वाद झाला. तिसरी-चौथीत अजून जोडाक्षरांत अडकणारी मुले होती. त्यांना इयत्तेचा धडा पाठवून काही होणार नव्हते. गुरुजींची भीती वेगळी. उद्या कोणी अभ्यासक्रम किती झाला विचारले तर काय दाखवायचे? त्या जुलैत राज्याने अभ्यासक्रम 25 टक्के कमी केला होता, पण उरलेला 75 टक्के होताच. शेवटी तडजोड झाली. चारपैकी दोन पाने मुलाच्या पातळीची (अक्षर, शब्द-वाक्य, उतारा असे तीन गट) आणि दोन पाने पाठ्यपुस्तकाच्या पान क्रमांकाला जोडलेली. तडजोड म्हणून ठीक, पण परत आलेल्या गठ्ठ्यांत पातळीची पाने भरलेली आणि पुस्तकाची कोरी, असे सर्रास दिसायचे.

आता पाकिटे पोहोचवायची कोणी? पोषण आहार वाटपाच्या दिवशी द्यायची तर त्यात नियमितपणा नाही, आणि लांबच्या वाडीतून लोक पावसात येत नाहीत. उपाय सुचवला तो शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका आईने. दूध संकलनाची गाडी रोज सकाळी तिन्ही वाड्यांच्या तोंडाशी येते. समितीने बाहेरच्यांना मनाई केली तरी दूध कोण अडवणार? गाडीवाला गावचाच. सोमवारी सकाळी कॅनशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली पाकिटे वाडीत जात, शनिवारी तीच पिशवी भरून परत येई. दूध घालायला येणारी बाई वाडीतली वाटपकर्ती झाली. परत आलेले कागद सुरुवातीला तीन दिवस शाळेच्या कपाटात तसेच ठेवत. विषाणूची भीती तेव्हा कागदाचीही होती.

ताईचे अक्षर

ऑगस्टअखेर एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली. दुसरीच्या एका मुलाची चारही पाने बरोबर. हातच्याच्या वजाबाक्यासुद्धा. अक्षर वळणदार, आणि अनुस्वाराच्या जागी बारीक गोल. असा गोल दुसरीतला मुलगा काढत नाही. मागचे गठ्ठे काढून पाहिले तर जवळपास निम्म्या पानांवर थोरल्या भावंडांचे हात ओळखू आले.

इथे दोन वाटा होत्या. ‘ताईने सोडवू नये’ अशी ताकीद द्यायची, किंवा ताईलाच कामाला लावायचे. गुरुजींचा कल पहिलीकडे होता. बाईंनी दुसरी वाट धरली आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय हाच. पुढच्या पाकिटापासून प्रत्येक पानाच्या तळाशी एक चौकट आली : ‘ताई-दादासाठी’. तिथे काम असे : भावाला ही पाच वाक्ये वाचायला सांग. जिथे अडेल त्या शब्दाखाली रेघ मार. तू सांगू नकोस, आधी थांब.

रेघा मारलेली पाने परत येऊ लागली तेव्हा पहिल्यांदाच शाळेला कळले की कोणते मूल कुठे अडते. बरोबर उत्तरांनी भरलेल्या कागदांतून हे कधीच कळले नसते.

आजीसाठीही जागा काढली. कानाची खूण असलेले एक काम दर आठवड्याला आजीला विचारायचे असे. एकदा प्रश्न होता : घरात धान्य मोजायला काय काय आहे? तिसरीतल्या एकाने लिहून पाठवले : “2 अधोल्या म्हणजे 1 पायली. 4 शेर म्हणजे 1 पायली. आजी म्हणते शीग लावून.” बाईंनी ती शेवटची ओळ उचलली. शीग म्हणजे भरलेल्या मापाच्या काठावर चढणारा धान्याचा ढीग. पुढच्या आठवड्याचे गणित तिसरीच्या सगळ्या घरांत तेच गेले : अधोली शिगेने भर, मग काठाला हात फिरवून शीग उतरव, उतरलेल्या दाण्यांची किती चिपटी (शेरापेक्षा लहान माप) होतात ते मोज. उत्तरे वेगवेगळी आली, कारण शीग प्रत्येकाच्या हातची वेगळी. वर्गात असते तर यावर तासभर बोलणे झाले असते. कागदावर दोन ओळींत भागवावे लागले.

उत्तराचे पाकीट

सप्टेंबरात घडी विस्कटली. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही घरोघरी आरोग्य तपासणीची मोहीम 15 सप्टेंबरला सुरू झाली आणि गुरुजींची नेमणूक सर्वेक्षणात झाली. त्याआधीही अधूनमधून नाक्यावरची ड्युटी होतीच. चाळीस मुलांची पाने तयार करणे, बांधणे, तपासणे हे सारे बाईंवर आले. तपासायच्या कागदांचा ढीग कपाटात वाढला. मुलांना ते लगेच कळले. पान पाठवले आणि त्यावर काहीच आले नाही, असे दोनदा झाले की तिसऱ्या खेपेला पान येत नाही.

बाईंनी पाकीट पंधरवड्यावर नेले आणि पाने चारांची तीन केली. त्या बदल्यात एक नियम ठरवला : मागच्या पानाला उत्तर दिल्याशिवाय पुढचे पाकीट बांधायचे नाही. उत्तर म्हणजे बरोबर-चूकच्या खुणा नव्हेत. मुलाच्या नावाने एक ओळ. ‘शिगेचे तू बरोबर पकडलेस.’ ‘क्ष पुन्हा एकदा काढून पाठव, पोट मोठे काढ.’ केंद्रप्रमुखांनी विचारले, आठवड्याचे पंधरा दिवसांवर का आणले? अहवालात पाकिटांची संख्या निम्मी दिसत होती. गुरुजी सर्वेक्षणातून सवड काढून स्वतः केंद्रशाळेत गेले आणि परत आलेल्या पानांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवून आले. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

लावणीच्या दिवसांत कागदच आवरते घेतले असते तर बरे, हे मात्र कोणाला वेळेवर सुचले नाही. पहिली दोन पाकिटे ऐन लावणीत गेली. मुले चिखलात आणि कागद वळचणीला. कापणीच्या वेळी ही गोष्ट लक्षात ठेवून फक्त तोंडी कामे दिली : पेंढ्या मोजा, दहा-दहाचे गट करा, कापणीच्या चार गोष्टी ताईला सांगा आणि ताईने त्या लिहून घ्यायच्या.

दिवाळीनंतर काही कुटुंबे कामाला बाहेर गेली. त्यांच्याबरोबर तीन महिन्यांची पाने एकदम बांधून दिली. त्यातले एकही परत आले नाही.

निष्पत्ती

27 जानेवारी 2021 पासून पाचवी ते आठवीचे वर्ग सुरू झाले. ताया शाळेत गेल्या आणि घरचा शिक्षक गेला. पहिली ते चौथी बंदच राहिली. एप्रिलमध्ये पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातले. 1 जुलै 2021 पासून मागच्या इयत्तेच्या उजळणीचा 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला, तेव्हा पाकिटांची व्यवस्था आयती हाताशी होती; पाने फक्त बदलली. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते 1 डिसेंबर 2021 रोजी.

मुले प्रत्यक्ष समोर बसल्यावर जे दिसले ते असे. शाळा बंद होताना ज्यांना अडखळत का होईना वाचता येत होते, त्यांचे वाचन टिकले होते, काहींचे सुधारलेही होते. अक्षरगटातली काही मुले शब्दांपर्यंत आली होती. ज्यांच्या घरी ताई होती त्यांचे प्रमाण त्यात जास्त. पहिलीचे मात्र वेगळे होते. जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेल्या मुलांनी वर्गाचा उंबरा ओलांडला तो थेट दुसरीच्या मध्यावर. त्यांच्या वह्या सुंदर होत्या. अक्षरे रेखीव, ओळीत. ‘हे काय लिहिलेस?’ विचारले की वही पुढे करायची आणि गप्प राहायचे. दीड वर्ष त्यांनी अक्षरांची चित्रे काढली होती. अक्षराचा आवाज कागदातून जात नाही, आणि त्यांच्यासाठी तो आवाज काढणारे घरात फारसे कोणी नव्हते.

पाकिटांमुळे नक्की किती फरक पडला, हे एका शाळेवरून सांगता यायचे नाही. तुलनेसाठी एवढेच : दुसरीचा उतारा वाचू शकणारी तिसरीतली मुले देशभरात 2018 मध्ये 27.3 टक्के होती, ती 2022 च्या ‘असर’ पाहणीत 20.5 टक्क्यांवर आली. घसरण सगळीकडेच होती.

वेगळे काय करता आले असते

तीन प्रश्नांची पाहणी एप्रिलमध्ये फोनवरूनही झाली असती. साध्या फोनवर का होईना, बहुतेक घरांशी बोलणे होत होते. लिंक पाठवण्यात गेलेले तीन महिने त्यामुळे वाचले असते.

बाई आणि गुरुजी यांची मेहनत चारही इयत्तांवर सारखी वाटली गेली, आणि मला हीच सर्वांत मोठी गफलत वाटते. चौथीतले मूल कागदावर तगून जाते. पहिलीतल्या मुलाला माणूस लागतो. ऑक्टोबरपासून गावची मनाई सैल झाली होती. तेव्हा तिसरी-चौथीची पाने आणखी कमी करून तो वेळ पहिलीच्या दहा-बारा मुलांच्या ओसरीवर घालवता आला असता. बाईंच्या मनात ते होते. पण ‘सगळ्यांना सारखे’ ही सवय शाळेत इतकी मुरलेली असते की त्याविरुद्ध कोणी मोठ्याने बोलले नाही.

ताईंचेही एक राहिले. त्या कामाने त्यांना मान मिळाला, पण भार कोणी मोजला नाही. सातवीतली एक मुलगी तीन धाकट्यांची पाने करून घेत होती, घरचा स्वयंपाक करत होती आणि तिच्या स्वतःच्या शाळेचा अभ्यास फोनअभावी बंद होता. तिच्या शाळेला हे कळवणारा दुवा कोणाकडेच नव्हता. दोन्ही शाळा एकाच केंद्रातल्या; महिन्यातून एक फोन पुरला असता. ‘ताई-दादासाठी’ या चौकटीत तिच्या इयत्तेचे एखादे वाचायचे पान घालणेही अवघड नव्हते.

बाहेरगावी गेलेल्या मुलांना तीन महिन्यांचा गठ्ठा देण्यापेक्षा तिथल्या जवळच्या शाळेचा नंबर आणि मुलाच्या पातळीची एक चिठ्ठी द्यायला हवी होती.

जानेवारी 2022 मध्ये शाळा पुन्हा बंद झाल्या. 24 तारखेपासून त्या उघडायला परवानगी मिळाली. त्या मधल्या दिवसांत बाईंनी कपाटातले हाताने काढलेले जुने मूळ कागद बाहेर काढले आणि तिसरी-चौथीची पाकिटे दुसऱ्याच दिवशी दुधाच्या गाडीत चढली. पहिली-दुसरीचे पाकीट या वेळी केलेच नाही. त्या वर्गांसाठी बाई आणि गुरुजींनी वाड्या वाटून घेतल्या, आणि सकाळी दोन तास ते ओसरीवर जाऊन बसू लागले.